पाठ्यपुस्तकं आहेत, मग शाळेचा अभ्यासक्रम म्हणून वेगळं काय लिहायचं?

पत्र

मी गेली दहाएक वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आमची शाळा लहान आहे, पहिली ते आठवी. येत्या वर्षापासून शाळेचा स्वतःचा अभ्यासक्रम आराखडा असावा असं मुख्याध्यापकांनी ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. मी सगळ्या इयत्तांची पुस्तकं जमवली, धडे महिन्यांत वाटले, मोठा तक्ता केला. तो पाहून एक ज्येष्ठ सर म्हणाले, "हे आपण दरवर्षी करतोच की. यात नवीन काय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या एका बाई म्हणतात, पुस्तक असताना हा खटाटोप कशाला? इकडे सातवीत मुलं येतात तेव्हा चौथी-पाचवीतलं बरंचसं गेलेलं असतं आणि मी दरवर्षी तेच पुन्हा शिकवत बसते. अभ्यासक्रमरचनेचं शिक्षण मी घेतलेलं नाही. सुरुवात नेमकी कुठून करू? आणि या मंडळींना सोबत कसं घेऊ?

– एक शिक्षिका

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात, पण मी तिथेच थांबले. चौथी-पाचवीतलं सातवीत उरलेलं नसतं आणि ते दरवर्षी पुन्हा शिकवावं लागतं, ही ती ओळ. शाळेला स्वतःचा आराखडा का हवा, हे तिच्यातच आलंय. पाठ्यपुस्तक एका विषयाचं आणि एका इयत्तेचं असतं. पहिलीत आलेलं मूल आठवीतून बाहेर पडेपर्यंत त्याला काय काय यायला हवं, त्यातलं कोणी कधी शिकवायचं, कशाच्या आधारावर शिकवायचं आणि पुन्हा कधी उजळणीला घ्यायचं, हे सगळ्या विषयांना आणि सगळ्या वर्षांना धरून कोणतंही एक पुस्तक सांगत नाही. ते त्या शाळेतल्या शिक्षकांनाच एकत्र बसून ठरवावं लागतं.

तुमचा तक्ता फेकू नका, तो नंतर लागणार आहे. पण त्यात शिक्षक काय करणार एवढंच दिसतं. पहिल्या महिन्यात दोन धडे, दुसऱ्यात तीन. त्या दोन धड्यांनंतर मुलाला काय येऊ लागेल, हे त्यात नाही. सरांना नवीन काही दिसलं नाही ते यामुळे, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

या कामाची मूळ मांडणी जुनी आहे आणि सोपीही. १९४९ मध्ये राल्फ टायलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने चार प्रश्न मांडले. शाळेला काय साधायचं आहे? त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे? ते अनुभव कोणत्या क्रमाने आणि कसे गुंफायचे? आणि ठरवलेलं साधलं की नाही, हे कसं ओळखायचं? पुढे आलेल्या पद्धतींनी बहुतेक वेळा या चार प्रश्नांचा क्रम बदलला किंवा त्यांच्याशी वाद घातला, पण त्यांना वगळून फारसं कोणी जाऊ शकलं नाही. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये शेवटचा प्रश्न उचलून पहिल्याच्या लगेच मागे आणला. काय साधायचं ते ठरवा, ते साधलं याचा पुरावा कोणता ते ठरवा, आणि मगच शिकवण्याचं नियोजन करा. शाळेत बसून प्रत्यक्ष काम करायचं असेल तर मला हाच क्रम जास्त पटतो. मूल्यमापन शेवटी ठेवलं की वेळ संपत आलेला असतो आणि मग धड्याखालचे प्रश्नच परीक्षेला येतात.

तुमच्या प्रश्नाला, म्हणजे सुरुवात कुठून, याला मात्र हिल्डा टाबा या शिक्षणतज्ज्ञांचं उत्तर जास्त उपयोगी आहे. त्या मूळच्या एस्टोनियाच्या, काम अमेरिकेत केलं. १९६२ मध्ये त्यांनी सात पायऱ्या मांडल्या, आणि त्यातली पहिली पायरी होती गरजांचं निदान. अभ्यासक्रम वरून आखून खाली पाठवू नये, शिकवणाऱ्यांनी छोटे घटक तयार करावेत, वर्गात वापरून पाहावेत आणि त्यातून मोठा आराखडा उभा राहावा, असं त्यांचं म्हणणं. लहान शाळेला हे फार सोयीचं आहे. ध्येय-दृष्टी वगैरेंच्या बैठका सुरुवातीलाच लावल्या, तर महिनाभर भारदस्त वाक्यं घडवण्यात जाईल आणि 'सर्वांगीण विकास' या शब्दांवर सगळ्यांचं एकमत होऊन काम तिथेच अडेल. शाळेला कशी मुलं घडवायची आहेत ही चर्चा हवीच. पण हातात निदानाचे कागद असताना ती केली तर तिला धार येते.

तर पहिलं काम निदानाचं. सातवीच्या मुलांना चौथी-पाचवीतल्या गणितावरचे, भाषेवरचे आणि विज्ञानावरचे मोजके प्रश्न द्या. गुणांसाठी नाही, हे मुलांना आधी स्पष्ट सांगा. अपूर्णांकांचं उदाहरण घेते, कारण बहुतेक शाळांत गाडी तिथे अडते. १/६ मोठा की १/८, हे विचारा. १/३ आणि १/४ यांची बेरीज करायला सांगा. ८ हा ६ पेक्षा मोठा म्हणून १/८ मोठा, असं म्हणणारी मुलं भेटतील. वरचे अंक वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवून २/७ लिहिणारीही भेटतील. ही चूक निष्काळजीपणाची नसते. अपूर्णांक ही एकच संख्या आहे आणि संख्यारेषेवर तिची एक ठरलेली जागा आहे, हे त्या मुलांपर्यंत पोहोचलेलंच नसतं. त्यांच्या मनात ते एकावर एक ठेवलेले दोन अंक असतात.

आता हे कागद घेऊन दुसरी ते सहावीला गणित शिकवणाऱ्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा. प्रत्येकाने आपण अपूर्णांकात काय शिकवतो ते सांगायचं, पुस्तकात काय छापलंय ते नाही. बहुधा असं दिसेल की तीन इयत्तांत आकृतीचे भाग रंगवणं पुन्हा पुन्हा झालंय, आणि संख्यारेषा प्रत्येकाने 'ती आधीच्या वर्षी झाली असेल' किंवा 'पुढच्या वर्षी होईल' म्हणून सोडली आहे. अशी भोकं तक्त्यात कधीच दिसत नाहीत, कारण तक्त्यात प्रत्येक इयत्तेपुढे 'अपूर्णांक' हा शब्द ठळकपणे लिहिलेला असतो.

ती बैठक संपेपर्यंत एका पानावर एक साखळी तयार व्हायला हवी. समान वाटणीतून अर्धा आणि पाव, मग एका वस्तूचे आणि समूहाचे भाग, मग संख्यारेषेवरची जागा, सममूल्य अपूर्णांक, भिन्न छेदांची बेरीज, मग गुणाकार-भागाकार, आणि तिथून दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर. कोणती कडी कोणत्या इयत्तेत पक्की करायची, हे नावानिशी ठरवायचं. 'पक्की' याचा अर्थ असा की पुढच्या वर्षीच्या शिक्षकाने ती गृहीत धरावी, आणि धरता येत नसेल तर मागच्या इयत्तेच्या शिक्षकाशी बोलावं.

विसरण्याबद्दल इथेच सांगते. माणूस विसरतोच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने सुरुवातीलाच निसटतं, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना यालाच पूरक आहे. मूळ कल्पना मुलाला समजेल अशा प्रामाणिक स्वरूपात लवकर भेटवायची आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा, दर वेळी अधिक खोलात परतायचं. मात्र वरची पायरी न चढता त्याच ठिकाणी फिरत राहिलो तर ती निव्वळ पुनरावृत्ती होते, आणि वर सांगितलेलं रंगकाम तसंच आहे. आराखड्यात प्रत्येक परतीच्या भेटीपुढे या वेळी नवीन काय, हे एका वाक्यात लिहून ठेवा. वाक्य सुचत नसेल तर ती भेट काढून टाका.

तुमच्या स्वतःच्या विषयात आडवा ताळमेळही, म्हणजे त्याच वर्षीच्या इतर विषयांशी असलेला मेळ, तपासावा लागेल. वेगाचा आलेख काढायला तुम्ही ज्या महिन्यात सांगता, तेव्हा गणितात आलेख झालेला असतो का? घनता काढताना मुलं अडतात ती विज्ञानात अडतात की दशांशाच्या भागाकारात? असे दोन-तीन सांधे जुळवायला नवीन साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. दोन शिक्षकांनी दोन घटकांची अदलाबदल केली की काम होतं. हे फायदे चटकन दिसतात, म्हणून ते सुरुवातीलाच करून दाखवा.

आता उद्दिष्टं लिहिण्याकडे येते, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. बहुतेक आराखड्यांत 'विद्यार्थ्याला प्रकाशसंश्लेषणाची माहिती होईल' अशी वाक्यं असतात. माहिती झाली की नाही हे कसं कळणार? व्याख्या पाठ म्हणून दाखवली की झाली असं धरायचं का? अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता येईल ते, लिहिताना ती मुलाच्या कृतीतून दिसली पाहिजे. 'झाड वाढताना त्याचं वजन कुठून येतं, हे विद्यार्थी दिलेल्या पुराव्याच्या आधारे सांगतो आणि माती हे उत्तर का पुरेसं नाही ते पटवून देतो.' हे वाक्य लिहिलं की पुरावा आपोआप समोर येतो. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला फक्त पाणी दिलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं आणि माती साधारण २ औंसच कमी झाली. त्यांनी निष्कर्ष काढला की सगळी वाढ पाण्यातून झाली. हे आकडे मुलांपुढे ठेवा आणि विचारा, त्यांचं काय बरोबर होतं आणि त्यांच्या नजरेतून काय सुटलं? हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपर्यंत जे मूल तर्काने पोहोचतं, त्याला प्रकाशसंश्लेषण कळलंय. व्याख्येत एखादा शब्द चुकला तरी कळलंय.

असा एक प्रश्न तयार झाला की तासांचं नियोजन सोपं होतं. मुलांना वजनाच्या नोंदी वाचता यायला हव्यात, वायूलाही वस्तुमान असतं हे ठाऊक हवं, पानांवरचा एखादा प्रयोग हातून झालेला हवा. म्हणजे काय शिकवायचं हे त्या प्रश्नाने सांगितलं. धड्यातला जो परिच्छेद यातल्या कशालाच हातभार लावत नाही, तो वाचून पुढे जाता येतं.

एक सावधगिरी. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेलं, साध्यापासून अवघडाकडे पायऱ्यांनी जाणारं उद्दिष्टांचं वर्गीकरण, आणि २००१ मधली त्याची सुधारित आवृत्ती, यांतली क्रियापदांची यादी कोणीतरी तुमच्या हातात देईल. ती विचार तपासायला चांगली आहे. सगळं 'आठवणे' या पायरीवरच अडकलंय का, हे तिच्यामुळे कळतं. पण यादीतून क्रियापद उचलून जुन्या धड्यापुढे चिकटवण्यात काही अर्थ नाही. 'विश्लेषण करतो' असं लिहिलं आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरायला दिल्या, तर मुलं परीक्षेचं ऐकतात.

यानंतर वेळेचा हिशोब. हा मी आराखड्यातला सगळ्यात प्रामाणिक भाग मानते आणि नेमका तोच वगळला जातो. समजा, शाळेचे ३६ आठवडे आणि तुमच्या विषयाच्या आठवड्याला ५ तासिका, म्हणजे कागदावर १८०. परीक्षा आणि त्यांच्या आसपासचे मिळून ४ आठवडे धरले तर २० तासिका गेल्या. कार्यक्रम, स्पर्धा, अचानकच्या सुट्ट्या यांत आणखी १५ जातील. उरल्या १४५. उजळणी आणि मागे पडलेल्या मुलांसाठी २० राखल्या तर नवीन शिकवायला १२५. चाळीस मिनिटांची तासिका असेल तर हे जेमतेम ८३ तास होतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते काढा आणि प्रत्येक विषयशिक्षकाला काढायला लावा. शाळेच्या मागच्या वर्षीच्या नोंदवहीवरून काढा, आठवणीवरून नको. आठवण नेहमी जास्त तासिका सांगते.

हा आकडा समोर आला की सगळं सारख्याच तपशिलात शिकवता येणार नाही, हे कोणालाही पटवून द्यावं लागत नाही. तेव्हा निवड करायची. काही गोष्टी प्रत्येक मुलाला पक्क्या यायलाच हव्यात, काही बऱ्यापैकी कळाव्यात, काहींची ओळख झाली तरी चालेल. पहिल्या गटात काय घालायचं याची माझी कसोटी अशी: पुढच्या वर्षांचं शिकणं त्यावर उभं आहे का, दुसऱ्या विषयात ते लागतं का, आणि शाळा सुटल्यावर माणसाला ते वापरावं लागतं का. तिन्हींना 'हो' असेल तर त्याला हवा तेवढा वेळ द्या, मग तिसऱ्या गटातलं काही एका तासिकेत आटोपावं लागलं तरी चालेल. अर्थात शासनाने किंवा परीक्षा मंडळाने जे बंधनकारक केलंय ते वगळण्याची मुभा शाळेला नसते. ती चौकट आधी नीट वाचून घ्या. ती वाचल्यावर बऱ्याचदा लक्षात येतं की चौकटीत जेवढं मागितलंय त्यापेक्षा आपणच जास्त ओझं अंगावर घेतलं होतं.

निवडीच्या या टप्प्यावर भांडणं होतात. होऊ द्या. एखादी बाई 'हा घटक मी सोडणार नाही' असं म्हणते, तेव्हा त्या घटकाबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. ते ऐकून घ्यायचं आणि मग विचारायचं, त्यासाठी तासिका कोणत्या घटकातून काढायच्या?

आराखड्याच्या कागदी स्वरूपावर फार वेळ घालवू नका. एका घटकाला एक पान. निष्पत्ती, पुरावा म्हणून काय करायला देणार, कोणतं पूर्वज्ञान लागतं, किती तासिका, कोणते अनुभव, आणि खाली शिकवून झाल्यावर लिहायला रिकामी जागा. पाठाचं रोजचं टाचण प्रत्येक शिक्षकाचं स्वतःचं असू द्या.

तक्त्यात न येणारी पण मुलं रोज शिकत असलेली एक गोष्ट आहे, तिच्याकडेही पाहा. शाळा जे लिहून शिकवते, जे न लिहिता शिकवते आणि जे शिकवतच नाही, अशी तिहेरी विभागणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एलियट आइस्नर यांनी केली होती. चित्रकलेचा तास नेहमी दिवसाच्या शेवटी असेल आणि काहीही अडलं की तोच रद्द होत असेल, तर चित्रकला बिनमहत्त्वाची आहे हा धडा शाळा दर आठवड्याला देत असते. वर्गात प्रश्न विचारणाऱ्याला 'ते पुढे येणार आहे' म्हणून बसवलं जात असेल, तर निष्पत्तीत 'जिज्ञासा' लिहून काही होत नाही. वेळापत्रक हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, तेव्हा ते करणाऱ्या व्यक्तीला तुमच्या बैठकीत घ्या.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं. पुस्तक असताना खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्या बाईंना सिद्धान्त सांगू नका. त्यांच्याच आधीच्या इयत्तेची निदानाची उत्तरं, मुलांची नावं झाकून, त्यांना पाहायला द्या आणि त्यांना काय दिसतं ते विचारा. पण एक पथ्य कडक पाळा. हे कागद कोणाच्या कामाचा निवाडा म्हणून वापरले जाणार नाहीत, हे मुख्याध्यापकांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. एकदा का भीती शिरली, की निदानाच्या आधी मुलांकडून उत्तरं घोटून घेतली जातील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

त्या ज्येष्ठ सरांकडे तर मी सगळ्यात आधी जाईन. इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला एक गोष्ट आपल्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते, ती म्हणजे त्यांच्या विषयात मुलं दरवर्षी नेमकी कुठे अडतात. वही घेऊन बसा आणि हेच विचारा. त्यांनी सांगितलेल्या जागा आराखड्यात जशाच्या तशा उतरवा आणि त्या घटकांना जास्त तासिका द्या. आपलं म्हणणं कागदावर उतरून त्याने वेळापत्रक हललेलं दिसलं की माणूस त्या कामात येतो. टाबांचाही भर शिकवणाऱ्यांच्याच सहभागावर होता. शिक्षकांनी स्वतः विचार करून घडवलेला घटक वर्गात वापरला जातो, वरून आलेला फाइलमध्ये राहतो.

शिकवून झाल्यावर त्या पानावरच्या रिकाम्या जागेत त्याच आठवड्यात दोन ओळी लिहिण्याची सवय लावा. किती तासिका खऱ्या लागल्या, मुलं कुठे थबकली. गणित आणि विज्ञान शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत ठरवलेला, प्रत्यक्ष शिकवलेला आणि मुलांच्या हाती लागलेला अभ्यासक्रम असे तीन स्तर वेगळे धरतात. तुमच्या शाळेत या तिन्हींतलं अंतर मोजायला ह्या दोन ओळी आणि मुलांचे कागद पुरेत. वर्षअखेरीला तेच घेऊन पुन्हा बसायचं आणि पानं दुरुस्त करायची.

आणि मुख्याध्यापकांना आजच स्पष्ट सांगा की आठ इयत्तांचे सगळे विषय एका वर्षात होणार नाहीत. पहिल्या वर्षी गणित आणि विज्ञान घ्या, तेही चौथी ते सातवी. अपूर्णांकांची साखळी मात्र दुसरीपर्यंत मागे न्या, कारण तिचं मूळ तिथे आहे. बाकीचे विषय सध्या तुमच्या तक्त्याप्रमाणे चालू द्या. या कामासाठी आठवड्यातून एक तास सगळ्या संबंधित शिक्षकांना एकत्र मोकळा हवा, आणि तो शाळेच्या वेळात हवा. शाळा सुटल्यावरच्या बैठका दोन आठवडे भरतात, मग कोणाचं तरी काम निघतं. तो तास वेळापत्रकात छापून घ्या आणि पहिल्या बैठकीला सातवीच्या मुलांचे ते कागद घेऊन जा.